मुळं फुटपाथ का उचलतात, आणि नव्या फुटपाथखाली काय मागायचं

रहिवाशांनी लिहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातल्या एका जुन्या वसाहतीसमोरचा अडीच मीटर रुंदीचा फुटपाथ महापालिका नव्याने करणार आहे. त्यावर दोन मोठे पर्जन्यवृक्ष, तीन करंज आणि एक गुलमोहर आहे. मुळांनी पेव्हर ब्लॉक उचकटले आहेत, वयस्कर माणसं अडखळून पडतात. ठेकेदार म्हणतो, मुळं छाटू, खाली काँक्रीट ओतू, म्हणजे पुन्हा कटकट नाही. रहिवाशांना झाडंही हवी आहेत आणि सपाट फुटपाथही. मग महापालिकेकडे नेमकं काय मागायचं?

उत्तर आधी देतो, कारणं नंतर. मुळं छाटून वर काँक्रीट ओतू देऊ नका. त्याने झाड धोकादायक होतं आणि जे मूळ उरतं ते काही वर्षांत तोच फुटपाथ पुन्हा उचलतं. झाड आणि सपाट वाट दोन्ही मिळू शकतात, पण त्याचा निर्णय ब्लॉकचा रंग आणि नक्षी ठरवताना होत नाही. तो ब्लॉकखालच्या दोन-तीन फुटांत होतो. म्हणून निविदेतलं फुटपाथच्या छेदाचं रेखाचित्र मागून घ्या आणि ब्लॉकखाली कोणते थर दाखवलेत ते बघा. पुढचं सगळं त्या रेखाचित्राबद्दलच आहे.

मूळ काही फोडायला निघालेलं नसतं. जिथे हवा, ओल आणि भुसभुशीत जागा मिळेल तिकडे ते जातं, एवढंच. आता आपण फुटपाथ कसा करतो ते आठवा. मुरूम टाकायचा, पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांपर्यंत तो दाबायचा, असा निकष असतो. भार पेलायला हे उत्तम, पण त्यात मातीतली पोकळी संपते. चिकण मातीची घनता दर घन सेंटिमीटरला दीड ग्रॅमच्या आसपास गेली की मुळांची टोकं आत शिरेनाशी होतात, आणि रोलर फिरलेला मुरूम त्याहून बराच घट्ट असतो. अशा जमिनीवर एकच सैल थर उरतो, तो म्हणजे ब्लॉकखालची इंचभर वाळू. तिथे सांध्यांतून हवा येते. रात्री फरशी गार पडली की तिच्या खालच्या अंगाला दमटपणा धरतो. मूळ तिथूनच धावणार. बोटाएवढं असेपर्यंत कोणाला कळतही नाही. पण झाडाचं लाकूड दरवर्षी वाढतं आणि बोटाएवढं मूळ मनगटाएवढं होतं. खालची जमीन दबत नाही, म्हणून वरचा ब्लॉक उठतो. त्या मुळाला दुसरी जागा आपणच ठेवलेली नसते.

शाळेच्या पुस्तकातलं एक चित्र अनेकांच्या डोक्यात घट्ट बसलेलं आहे: वर जेवढं झाड, तेवढंच खाली खोल सोटमूळ. रस्त्याकडेच्या वाढलेल्या झाडांबाबत ते खरं नाही. बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि आडवी पसरतात, फांद्यांच्या घेराच्या दुप्पट-तिप्पट अंतरापर्यंतसुद्धा. फुटपाथ हे त्या मुळांच्या घराचं छप्पर आहे, असं धरून चाला. खालच्या घराचा विचार न करता छप्पर घातलं तर काय होतं, ते तुमच्या दारात दिसतंच आहे.

आणखी एक गोष्ट लोकांना माहीत नसते. पेव्हर ब्लॉकमधून पाणी मुरतं, हे वाक्य प्रत्येक सादरीकरणात असतं. प्रत्यक्षात फुटपाथ उकरला की ब्लॉक आणि वाळूखाली बहुतेक ठिकाणी १०० मिलिमीटर पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रीट) निघतो. तो असला की वरचे ब्लॉक कितीही सच्छिद्र असोत, पाणी खाली जात नाही. माणसांच्या चालण्यासाठी या काँक्रीटची गरजही नसते. ६० मिलिमीटरचा ब्लॉक, खाली बारीक ग्रिट, त्याखाली नीट दाबलेली खडी आणि कडेला पक्का कर्ब (कडेचा उभा दगड) एवढं पुरतं. काँक्रीट फक्त जिथे गाड्या आत-बाहेर करतात त्या फाटकासमोर मागा. बाकी छेदातून पीसीसी काढून टाका, ही तुमची पहिली मागणी असू द्या. सांधे ६ ते १० मिलिमीटरचे ठेवून त्यात दगडाची भुकटी न भरता बारीक कच भरायला सांगा. भुकटी एका पावसाळ्यात सांधे लिंपून टाकते.

आता तुमची जुनी झाडं. नव्या झाडासाठी पैसा मातीवर खर्च करायचा असतो. जुन्या झाडासाठी तो न कापण्यावर खर्च करायचा असतो.

आधी मोजमाप करा. छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण १.३७ मीटरवर, खोडाचा घेर मोजा आणि ३.१४ ने भागा. हा झाला व्यास. त्याला १२ ने गुणलं की मुळांच्या संरक्षित वर्तुळाची त्रिज्या मिळते. जगभर हाच ढोबळ नियम वापरतात. पर्जन्यवृक्षाचा घेर २.२ मीटर असेल तर व्यास ७० सेंटिमीटर आणि त्रिज्या ८.४ मीटर. म्हणजे हे वर्तुळ तुमच्या फुटपाथच्या पलीकडे रस्त्यात जातं आणि अलीकडे सोसायटीच्या कुंपणाच्या आत येतं. एवढ्या सगळ्या जागेत कुदळ लावायची नाही असं शहरात म्हणता येत नाही, आणि मी तसं म्हणतही नाही. पण या वर्तुळात जेसीबी येऊ देऊ नका, जे खोदायचं ते हाताने. आणि त्याच्याही आत एक छोटं वर्तुळ आहे, व्यासाच्या तिप्पट त्रिज्येचं, म्हणजे या झाडासाठी सुमारे २.१ मीटर. झाडाला उभं धरणारी जाड मुळं इथे असतात. इथे खोदाई अजिबात नाही, कोणत्याही कारणासाठी नाही.

मुळं कापल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, हीच यातली सगळ्यात वाईट बाजू आहे. कामं मार्च ते मे उरकायची घाई असते. मुळं तेव्हा तुटतात, झाड हिरवं राहतं, ठेकेदाराचं बिल निघतं. जुलैत जमीन भिजून मऊ होते, पानांवर पाण्याचा भार येतो, वारा सुटतो आणि ज्या बाजूची मुळं गेली त्याच्या विरुद्ध बाजूला झाड कोसळतं. दरवर्षी मुंबई-पुण्यात पावसाळ्यात झाडं पडतात, माणसं मरतात, आणि बातमीत झाड जुनं होतं एवढंच येतं. मुळांवरून गेलेला चर हे त्यामागचं एक मोठं कारण असतं, आणि ते टाळता येण्यासारखं असतं. याचा मला मनापासून त्रास होतो.

मग मुळं तशीच ठेवून फुटपाथ सपाट कसा करायचा? तीन मार्ग आहेत.

पहिला, पातळी उचलणं. जुने ब्लॉक आणि पीसीसी हाताने काढा. उघड्या पडलेल्या मुळांवर त्याच दिवशी ओलं गोणपाट टाका, कारण उन्हात तासाभरात बारीक मुळं मरतात. मग भू-वस्त्राचा (पाणी जाऊ देणाऱ्या जिओटेक्स्टाइल कापडाचा) एक पदर, त्यावर १२ ते २० मिलिमीटरची, चुरा नसलेली धुतलेली खडी, मग ग्रिट, मग ब्लॉक. झाडापाशी फुटपाथ पंधरा-वीस सेंटिमीटर वर येईल. तो चढ लांबवर पसरवा, २० ला १ एवढा ढाळ ठेवा. चाकाच्या खुर्चीला किंवा काठीने चालणाऱ्याला त्याचा त्रास होत नाही. १२ ला १ यापेक्षा तीव्र चढ कधीच नको. चुरा नसलेल्या खडीचा दुसरा फायदा असा की तिच्या मोकळ्या पोकळ्यांत मुळं टिकत नाहीत, ती खाली वळतात. फक्त ही खडी खोडाला टेकवू नका.

दुसरा मार्ग पुलाचा. पातळी उचलणं शक्य नसेल, म्हणजे शेजारी दुकानाचा उंबरा असेल, तर मुळांच्या मधल्या जागा हाताने शोधून तिथे छोटे पाये घ्यायचे आणि त्यांवर प्रीकास्ट (आधीच ओतून तयार केलेला) स्लॅब टाकायचा. स्लॅब आणि मूळ यांत पाच-सात सेंटिमीटर पोकळी सोडायची, म्हणजे मुळाला जाड व्हायला जागा राहते. गटारावर झाकणाचे स्लॅब टाकणारा कुठलाही गवंडी हे करू शकतो. थोडक्या जागेसाठी हा उत्तम उपाय आहे, शंभर मीटरसाठी महाग पडेल.

तिसरा मार्ग मला सगळ्यांत आवडतो आणि त्यालाच सगळ्यांत जास्त विरोध होतो: फुटपाथने झाडाला वळसा घालणं. हिशोब करून बघा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचना, आयआरसी १०३, चालण्यासाठी किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच मोकळी जागा सांगतात. तुमचा फुटपाथ २.५ मीटरचा. झाडाला १.२ मीटरचं आळं दिलं तरी चालायला १.३ मीटरच उरतात. ही तूट ब्लॉकच्या नक्षीने भरून निघणार नाही. ती फक्त रस्त्याकडच्या पार्किंगमधून भरून निघते. झाडापाशी कर्ब दीड-दोन मीटर रस्त्याकडे सरकवायचा, म्हणजे आळं मोठं होतं, वाट पूर्ण रुंदीची मिळते, रस्ता ओलांडणाऱ्याचं अंतरही कमी होतं. दर झाडामागे एका चारचाकीची जागा जाईल. पुणे महापालिकेने २०१६ साली नागरी रस्त्यांच्या आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्याच सुमारास जंगली महाराज रस्त्याचं काम घेतलं. तिथे जाऊन झाडांची रांग आणि पार्किंगचे कप्पे एकाच पट्ट्यात कसे बसवलेत ते बघा. तुमच्या बैठकीत नकाशापेक्षा ते प्रत्यक्ष बघितलेलं जास्त कामाला येईल.

आळ्याबद्दल एक सावधगिरी. सुशोभीकरण म्हणून झाडाभोवती ग्रॅनाइटचा कट्टा बांधून त्यात माती भरतात. खोड जिथे जमिनीशी रुंदावतं तो भाग मातीत गेला की साल कुजायला लागते. यावर हमखास उत्तर येतं की वडा-पिंपळाला पार असतोच की. वड आणि पिंपळ खोडातूनही नवी मुळं सोडतात, म्हणून ते सहन करतात. करंज आणि गुलमोहर सहन करत नाहीत. आळं जमिनीच्या पातळीलाच ठेवा, त्यात पालापाचोळ्याचं आच्छादन घाला, तेही खोडापासून चार बोटं लांब. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीत झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला होता. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. पण एक मीटर ही खोडाला श्वास घेता येईल एवढीच मर्यादा आहे. त्यावर मोठं झाड जगत नाही.

नव्या झाडांकडे वळतो. आपल्याकडे फुटपाथवर झाड लावायचं म्हणजे जास्तीत जास्त एक घनमीटरचा खड्डा, आणि त्याच्या चारी भिंती रोलरने दाबलेल्या. टोरांटो शहर रस्त्यावरच्या एका मोठ्या झाडासाठी ३० घनमीटर माती मागतं. हा आकडा उगाच आलेला नाही. आठ मीटर पसाऱ्याच्या झाडाची सावली सुमारे ५० चौरस मीटर पडते, आणि दर चौरस मीटर सावलीला सुमारे ०.६ घनमीटर माती लागते. अरुंद फुटपाथवर एका झाडाला तीस घनमीटर कुठून आणायचे? वेगवेगळे खड्डे करायचे नाहीत. कर्बच्या बाजूने सलग चर घ्यायचा आणि सगळ्या झाडांनी तो वाटून घ्यायचा. १.८ मीटर रुंद, ०.९ मीटर खोल चरात नऊ मीटरवर एक झाड लावलं तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचौदा घनमीटर येतात. टोरांटोच्या निम्मेच, पण आजच्या खड्ड्याच्या चौदा पट. शिवाय सोसायटीच्या बागेकडे जाणारे वीतभर रुंद, फूटभर खोल, सैल मातीने भरलेले दोन-तीन पाट काढून दिले की मुळं तिकडची मातीही वापरतात. अर्थात हा सलग चर रिकाम्या जागेत घ्यायचा. जुन्या झाडांच्या संरक्षित वर्तुळात तो घेऊ नका.

या चरावरून माणसं चालणार, मग नुसती सैल माती खचेल. यावर उपाय अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात नीना बासुक आणि जेसन ग्रॅबोस्की यांनी १९९० च्या दशकात शोधला. वजनाने सुमारे ८० टक्के टोकदार खडी आणि २० टक्के पोयट्याची माती एकत्र मिसळायची. रोलर फिरला की खडी खडीला टेकून भार घेते आणि मधल्या पोकळीतली माती सैलच राहते. स्टॉकहोमने तेच तत्त्व मोठ्या दगडांनी वापरलं: १०० ते १५० मिलिमीटरचे दगड रचायचे, दाबायचे, मग पाण्याच्या जोराने माती त्यांच्या फटींत उतरवायची आणि वर हवेचा थर ठेवून पावसाचं पाणी त्यात सोडायचं. दख्खनच्या काळ्या दगडाची खडी आपल्याकडे खाणीतून हवी तेवढी मिळते, त्यामुळे हे इथे अवघड नाही. २० ते ४० मिलिमीटरची खडी पाच भाग आणि चांगल्या मातीत थोडं मुरलेलं कंपोस्ट घालून ते एक भाग, असं वजनाने घ्या, जमिनीवरच उलटंपालटं करून मिसळा आणि पंधरा-पंधरा सेंटिमीटरच्या थरांनी दाबा. मात्र अशा मिश्रणात खरी माती जेमतेम पाचवा हिस्सा असते. दहा घनमीटर मिश्रण म्हणजे दोन घनमीटर माती. म्हणून मी ते चालायच्या पट्ट्याखालीच वापरतो, आणि आळ्याच्या उघड्या भागात भरपूर निखळ माती ठेवतो.

राडारोडा भरून हे काम उरकू देऊ नका. काँक्रीटच्या तुकड्यांतला चुना माती अल्कधर्मी करतो, झाडाला लोह मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात. मग लोक खतं घालत बसतात.

पाणी निचरा होऊन जातंय का, हे खोदाईच्या दिवशी तपासा. चराच्या तळाशी फूटभर खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच असेल तर खाली छिद्रांचा पाइप टाकून तो पावसाळी गटाराला जोडा, नाहीतर चराचा हौद होऊन मुळं गुदमरतील. तुमच्या भागात काळी माती असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. ती भिजून फुगते, वाळून भेगाळते आणि फुटपाथ मुळांशिवायही हलवते. ती चरातून काढून टाका आणि कुंपणाच्या भिंतीच्या बाजूला जाड प्लॅस्टिकचा उभा पडदा लावा. असा पडदा झाडाभोवती चौकोनात कधीही लावू नका. मुळं आत गोल फिरतात आणि झाड उपटून पडायला सोपं होतं.

इथवर वाचून वाटेल की हे महापालिकेच्या दरसूचीत (कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीत) कुठे बसतं? या मिश्रणाची तयार बाब दरसूचीत नसली की अभियंता हात वर करतो. ती बाब तोडून मागा: ४० मिलिमीटर खडी पुरवणे, माती पुरवणे, कंपोस्ट पुरवणे, मिसळून थरांनी पसरणे, रोलर फिरवणे. असे वेगवेगळे दर सूचीत सापडतात. चर बुजवण्याआधी मोजमाप आणि फोटो झाल्याशिवाय त्या बाबीचं बिल निघणार नाही, अशी अट घाला. एकदा ब्लॉक बसले की खाली काय आहे, ते कोणी बघत नाही. पथ विभाग आणि उद्यान विभाग, दोघांचे प्रतिनिधी खोदाईच्या दिवशी जागेवर हवेत. आणि याच कामात रस्त्याकडच्या कडेला दोन-तीन रिकामे पाइप टाकून घ्या. पुढच्या वर्षी केबलवाला येईल तेव्हा त्याला तुमच्या मुळांतून चर खणावा लागणार नाही. ही सगळ्यांत स्वस्त मागणी आहे आणि झाडांना सगळ्यांत जास्त वाचवणारी.

ठेकेदार तरीही मुळं छाटायला निघाला तर त्याला वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी मागा. महाराष्ट्रातल्या नागरी क्षेत्रांसाठीच्या १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन कायद्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. मुळं छाटणं किरकोळ काम आहे, असं कोणी म्हणू नये. एखादं मूळ कापावंच लागलं तर ते करवतीने, एका सरळ छेदात कापायचं, जेसीबीच्या बकेटने ओढून फाडायचं नाही. मनगटाएवढं मूळ जाणकाराने बघितल्याशिवाय अजिबात नाही.

नवी झाडं निवडताना अरुंद जागी, तारांखाली ताम्हण, बहावा, कांचन घ्या. रुंदी असेल तर बकुळ, कडुनिंब, करंज. वड, पिंपळ, उंबर फुटपाथच्या चरात नकोत, त्यांना मैदान द्या. सप्तपर्णी आधीच गल्लोगल्ली झाली आहे. एकाच जातीची रांग लावू नका. मुंबईत पिठ्या ढेकूण या किडीने पर्जन्यवृक्षांची काय अवस्था केली, ते लक्षात ठेवा.

शेवटी तुमचा गुलमोहर. तुम्ही लिहिलंय की बुंध्याशी दरवर्षी तपकिरी, चकचकीत, पंख्यासारखी अळंबी येते. ते आतून मूळ आणि बुंधा कुजल्याचं लक्षण आहे, आणि गुलमोहरावर ते वारंवार दिसतं. या झाडासाठी भांडू नका. जाणकाराकडून तपासून घ्या, कूज खोल असेल तर रीतसर परवानगीने पावसाळ्याआधी काढा. तीच जागा तीन मीटर लांब मोकळी ठेवून आधी खालची माती नीट करा, आणि जूनमध्ये तिथे ताम्हण लावा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा खोलवर पाणी द्यायची जबाबदारी कोणाची, हे सोसायटीच्या बैठकीत नावानिशी ठरवून घ्या.